चिंतामणी की चंद्रकळा

पहाटेचे पावणेपाच वाजले असतील. चिकपेटेच्या मुख्य रस्त्यावरील दुकानांची पत्र्याची शटरे एका ओळीने मिटलेली होती, माथ्यावरचे तारांचे जाळे आकाशाचा उरलासुरला पट्टाही झाकून टाकीत होते, आणि ज्या रस्त्यावर दिवसा रेशमाच्या गठ्ठ्यांखाली वाकलेल्या हमालांना पाऊल टाकावयास जागा मिळत नाही, त्या रस्त्याच्या ऐन मध्यावर माझी भाची घडीचे स्टूल टाकून, मांडीवर वही उघडून, समोरच्या एका बंद दाराकडे टक लावून बसली होती. तिच्यापासून दहा पावलांवर उभा असलेला तिचा सहाध्यायी हातातील प्रकाशमापकावर नजर टाकून दर पाच मिनिटांनी एक आकडा उच्चारी, आणि ती तो आकडा घड्याळातील वेळेसह वहीत उतरवून घेई. तिसरा सोबती पायरीवर अंग टाकून झोपी गेला होता. परंतु त्याचे कामही झोपण्याचेच होते, कारण बंद दुकानाच्या पायरीवर निजलेला माणूस किती अंतरावरून माणूस म्हणून ओळखू येतो आणि किती अंतरावरून नुसता गठ्ठा वाटतो, हे त्या दिवशी त्यांना ठरवावयाचे होते.

ही मंडळी बेंगळुरूतील एका संस्थेत चित्रपटाचे शिक्षण घेत आहेत, आणि त्यांना नेमून दिलेले काम सांगावयास अगदी लहान आहे: एका थरारपटाचा केवळ आरंभ, दोन मिनिटांचा, शब्दावाचून. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने दोन मिनिटांच्या दोन हजार आठशे ऐंशी चौकटी होतात. त्या चौकटींत काय दिसावे, कोणत्या उजेडात दिसावे, आणि विशेषेकरून काय दिसू नये, याचा आराखडा आखण्यात या मुलांनी जे सात आठवडे घालविले, ते मी जवळून पाहिले. आणि माझ्या आजोबांनी शिवणयंत्र मांडले त्याच गल्लीत माझे सारे आयुष्य गेले असूनही, ही पेठ मी डोळे उघडून पहिल्यांदा पाहिली ती या मुलांच्या मागे हिंडताना, असे मी प्रांजळपणे नमूद करतो.

भाचीची मूळ कल्पना निराळी होती. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या मोहिमेनंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, त्यांचा दरबार येथे भरत असे, त्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात आहे, आणि राजांचा गौरी महाल याच चिकपेटेत उभा होता असे येथील जुने लोक सांगत आले आहेत; तेव्हा त्या लुप्त झालेल्या महालाच्या तळघरातील एखादा दस्तऐवज, त्याच्या पाठीस लागलेली टोळी, आणि त्यात अडकलेली एक मराठी मुलगी, असा काहीसा घाट तिने प्रथम घातला होता. कथा म्हणून तिच्यात वाईट काही नव्हते. परंतु पेठेत दोन दिवस हिंडल्यावर ती स्वतःच म्हणाली, "मामा, महालाची एक वीटसुद्धा दिसत नाही. मग दोन मिनिटांत मी दाखवू काय? माणूस उभा करून इतिहास बोलवून घ्यावा लागेल, आणि बोलायला तर बंदी आहे." हा विचार मला फार मोलाचा वाटला. भूतकाळाचे जे उरले आहे ते चित्रात येऊ शकते. जे उरले नाही त्याला शब्दच लागतात.

त्यानंतरची दुसरी कल्पना याहून दुबळी निघाली, आणि नवशिक्यांचा बहुतेक सारा वेळ जेथे वाया जातो ती जागा हीच असल्याने तिच्याविषयी थोडे लिहिले पाहिजे. तिच्या वहीच्या दुसऱ्या पानावर धुके होते, लांब कोट घातलेला मनुष्य होता, ओली फरशी, फुटका आरसा, थांबलेले घड्याळ, सुरी आणि पांढऱ्या साडीतील स्त्री होती. यांतील एकही वस्तू चिकपेटेची नव्हती. सारी दुसऱ्यांच्या चित्रपटांतून उसनी आणलेली होती. या पेठेत लांब कोट कोण घालतो? येथे पहाटे हिंडतो तो लुंगी गुंडाळलेला हमाल, मार्केटातून शेवंतीच्या माळांचा पाटीभर भार घेऊन निघालेली बाई आणि चहाचे पिंप सायकलला बांधलेला पोरगा. भय उत्पन्न करावयाचे तर ते यांच्याच वस्तूंतून झाले पाहिजे. परक्या वस्तू पाहून प्रेक्षकाला भय वाटत नाही, त्याने पूर्वी पाहिलेल्या भयाची आठवण तेवढी होते.

पांढऱ्या साडीवर मात्र तिचा जीव होता, आणि त्यावरून आमचा वादही झाला. राज खोसला यांच्या 'वो कौन थी' (१९६४) या चित्रपटाच्या आरंभी पावसाळी रात्री मोटारीच्या दिव्यांत उभी राहणारी शुभ्रवसना स्त्री ज्यांनी पाहिली, त्यांच्या मनातून ती जाणे कठीण. (याच खोसलांनी दोन वर्षांनी राजा परांजपे यांच्या मराठी 'पाठलाग'वरून 'मेरा साया' केला, हे येथे मराठी वाचकाला सांगावेसे वाटते.) पण ते चित्र कृष्णधवल होते. कृष्णधवल पडद्यावर पांढरे वस्त्र हा स्वतःच एक दिवा असतो. काळोखाच्या विस्तीर्ण पटावर तेवढीच एक जागा प्रकाशमान राहते आणि दृष्टी तेथून हलू शकत नाही. रंगीत चित्रात पांढरा हा अनेकांतला एक रंग होऊन बसतो आणि त्याची सत्ता जाते. "मग रंगीत चित्रात पांढऱ्याच्या जागी काय?" असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. ते एका दुकानाच्या दारात मिळाले.

चिकपेटेतील साड्यांची खरेदी ज्यांनी केली असेल त्यांना तेथील एक रिवाज ठाऊक आहे. पांढऱ्या गादीवर साड्यांच्या राशी पडतात, वर नळीदिव्यांचा लखलखाट असतो, दुकानदार घडीमागून घडी उलगडत जातो. आणि तरीही निवड पक्की होण्याच्या क्षणी अनुभवी गिऱ्हाईक साडी उचलून दाराशी येते आणि उजेडात धरून पाहते, कारण दुकानातील दिव्यावर कोणीच पूर्ण विश्वास ठेवीत नाही. माझी आई तर पदर दाराबाहेर धरल्यावाचून रंगाचे नावसुद्धा घेत नसे. त्या दिवशी भाची कापडाचे नमुने घेऊन हिंडत होती, सायंकाळ झाली, आणि एका गोदामाच्या भिंतीवरील जुन्या सोडियमच्या दिव्याखाली तिने पिशवी उघडली, तेव्हा सकाळी निवडलेला चिंतामणी रंगाचा तुकडा पिशवीत सापडेना. काळा एक तुकडा तेवढा होता. तो तिने घेतल्याचे कोणालाच आठवेना. दोन पावले पुढे जाऊन नळीदिव्याच्या उजेडात धरला, तेव्हा काळा तुकडा निळा झाला.

यामागचे कारण सोपे आहे. सोडियमच्या दिव्यात पिवळा-नारिंगी उजेड उदंड आणि निळा जवळजवळ नाहीच. निळे कापड निळ्या किरणांवाचून परत काय पाठविणार? तेव्हा निळी साडी त्या दिव्याखाली काळवंडते, लाल काठ मळकट तपकिरी होतो, आणि चिंतामणीची चंद्रकळा होते. शहरातील रस्त्यांवर आता बहुतेक पांढरे एलईडी दिवे आले आहेत, त्यांच्याखाली हा प्रकार होत नाही. त्या गल्लीत तो एकच पिवळा दिवा कोणाच्या तरी विस्मरणाने शिल्लक राहिला होता. भाचीने त्याच रात्री आपली मागील सारी पाने फाडून टाकली.

नवा आरंभ असा ठरला. रात्र आहे. रस्ता निर्मनुष्य आहे. एका बंद दुकानाच्या शटराखाली साडीचा काठ अडकलेला आहे आणि तो काळा आहे. आतून कोणीतरी तो ओढते. काठ दोन बोटे आत सरकतो, पुन्हा ओढला जातो, आणि मग थांबतो. वरच्या मजल्यावरील एक खिडकी लागते. नंतर काही न घडता बराच वेळ जातो. दोन मिनिटांतील पुरती चाळीस सेकंदे तिने या काही न घडण्याला दिली आहेत. हळूहळू उजाडते, दिवा विझतो, ऊन पायरीवर उतरते, आणि तोच काठ आता निळा आहे. येथे चित्रपटाचे नाव येते. पुढील कथेत खिडकीतील साक्षीदार पोलिसांना काळी साडी सांगेल. त्याने जे पाहिले तेच सांगेल, आणि तरीही ती जबानी चुकीची असेल. प्रेक्षकाला मात्र हे पहिल्या दोन मिनिटांतच ठाऊक झालेले असेल, आणि पुढे साक्षीदार जितका प्रामाणिकपणे बोलेल तितका प्रेक्षक अस्वस्थ होत जाईल.

या आराखड्याचा कागद मी मागून घेऊन वाचला. शॉट डिव्हिजन असे त्यास म्हणतात. आडवे खाने पाडलेले. पहिल्या खान्यात शॉटचा क्रमांक, मग भिंग कोणते, कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर, उजेड कोठून येतो, चौकटीत कोणत्या वस्तू, त्या वस्तूंचा रंग, आवाज, आणि शेवटी सेकंद. शेजारी पेन्सिलीने काढलेली लहान लहान चित्रे. जमाखर्चाच्या वहीला जी शिस्त असते तीच या कागदाला होती, आणि ज्यांची अशी समजूत आहे की कलाकृती ही स्फूर्तीच्या एका झटक्यात अवतरते, त्यांनी असा एखादा कागद अवश्य पाहावा. मराठी माणसाला तर ही शिस्त नवी नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार. 'सैरंध्री' (१९२०) किंवा 'सावकारी पाश' (१९२५) करताना पात्रांची ठेवण, त्यांचे पोशाख, त्यांच्या हालचाली ते आधी कागदावर रेखाटीत, आणि रंगविलेल्या पडद्यांच्या जागी त्यांनी घन, खोली असलेले देखावे उभे केले. 'सावकारी पाश' आज पाहावयास मिळत नाही. परंतु ज्यांनी तो पाहिला होता त्यांच्यापैकी जे. बी. एच. वाडिया यांना वर्षानुवर्षे आठवत राहिले ते मंद उजेडातील एक उदास झोपडे आणि त्याच्याजवळ रडणारा कुत्रा. अख्ख्या चित्रपटातून शेवटी एक झोपडे, थोडा काळोख आणि एक जनावर एवढेच माणसाच्या मनात टिकले, आणि त्या काळोखाची मात्रा कोणीतरी विचारपूर्वक ठरविलेली होती.

त्याच कोल्हापुरात, बाबूरावांच्याच हाताखाली वाढलेल्या शांतारामबापूंनी पुढे पुण्यास प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) राजगुरूचा केवळ डोळा टेलिफोटो भिंगाने पडदाभर करून दाखविला. मराठी आवृत्तीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी ती भूमिका केली होती. एक डोळा, त्याभोवती अंधार, आणि बाकी साऱ्या माणसाचा अभाव! भाचीने तो चित्रपट संस्थेत पाहिला होता. तिच्या सहाध्याय्याचा आग्रह असा की शटराच्या फटीतून आपणही एक डोळा दाखवावा. तिने तो मोडून काढला. कारण डोळा दाखविला की आत कोण आहे हा प्रश्न मिटतो, आणि तिला तो प्रश्न शेवटच्या चौकटीपर्यंत जिवंत ठेवावयाचा होता. मला या नकाराचे कौतुक वाटले. थोर कृतीपासून शिकणे म्हणजे तिच्यातील वस्तू उचलणे नव्हे, हे या वयात उमगणे सोपे नाही.

येथे एका वास्तूची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. चिकपेटेतून अव्हेन्यू रोड ओलांडून पूर्वेस चालत गेले, तर मैलभराच्या अंतरावर के. आर. सर्कलपाशी श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निक आहे. १९४३ साली तेथे छायालेखनाचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि पहिल्याच तुकडीत म्हैसूरचा एक तरुण दाखल झाला, जो स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आला होता आणि व्हायोलिन वाजवीत असे. तो म्हणजे व्ही. के. मूर्ती. पदविका घेऊन ते मुंबईस गेले. 'बाजी' (१९५१) या गुन्हेगारी कथेवरील चित्रपटात ते दुय्यम छायालेखक होते, तेथे एका गाण्यात आरशातील प्रतिबिंबापासून सुरू होणारा एक अवघड शॉट त्यांनी सुचविला व स्वतः घेऊन दाखविला, आणि याच बेंगळुरूत १९२५ साली जन्मलेल्या दिग्दर्शक गुरुदत्तांनी पुढच्या चित्रपटापासून त्यांना आपलेसे केले. 'सी. आय. डी.' (१९५६) या राज खोसलांच्या रहस्यपटाचे छायालेखनही मूर्तींचेच. १९६२ साली याच पॉलिटेक्निकमधून गोविंद निहलानी बाहेर पडले, मूर्तींचे सहायक झाले, आणि छायालेखक म्हणून त्यांनी स्वतंत्रपणे केलेला पहिला चित्रपट मराठी होता: सत्यदेव दुबे यांचा 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१). म्हणजे तेंडुलकरांच्या बेणारेबाईंवर पडलेला उजेड ज्या शाळेत घडला ती शाळा आमच्या पेठेपासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, आणि पेठेतील आम्हा मराठी माणसांना त्याचा पत्ता नव्हता! चित्रपटाचे ते वर्ग पुढे हेसरघट्ट्यास हलविले गेले. एका रविवारी मी मुलांना घेऊन त्या दरवाजापर्यंत जाऊन आलो. पाहण्यासारखे तेथे काही नव्हते. पण मला जावेसे वाटले.

मूर्तींची हकीकत मी सांगितली ती अभिमानाने. तिचा उपयोग असा होईल हे मात्र माझ्या ध्यानी आले नव्हते. 'कागज़ के फूल'मध्ये (१९५९) स्टुडिओच्या काळोखातून खाली उतरणारा जो प्रकाशाचा झोत प्रसिद्ध आहे, तो त्यांनी विजेच्या दिव्याने निर्माण केलेला नाही. बाहेरचे ऊन मोठमोठ्या आरशांवरून परावर्तित करून त्यांनी ते आत आणले. मुलांपुढील अडचण नेमकी उन्हाची होती. केंपेगौडाने १५३७ साली ही पेठ वसविली तेव्हा दोड्डपेट म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड व चिक्कपेट यांच्या चौकातून चारी दिशांना बैलांचे नांगर धरून रस्ते आखले अशी आख्यायिका आहे, आणि ती खरी असो वा नसो, दोड्डपेट दक्षिणोत्तर व चिकपेट जवळजवळ पूर्व-पश्चिम धावते हे डोळ्यांना दिसते. अर्थात विषुवदिनाच्या सुमारास उगवता सूर्य या रस्त्याच्या तोंडाशी येतो. म्हणूनच चित्रीकरणासाठी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा मुक्रर केला होता. सूर्योदय सहा वाजून आठ-नऊ मिनिटांचा. पण घरे तीन-चार मजली, रस्ता अरुंद, आणि समोर चौकापलीकडची गर्दी, त्यामुळे ऊन प्रथम गच्चीवर येते आणि दुकानाच्या पायरीला पोहोचेपर्यंत रस्ता माणसांनी भरून गेलेला असतो. रिकाम्या रस्त्यावर ऊन हवे, आणि ऊन येते तेव्हा रस्ता रिकामा नसतो! यावर भाचीने मूर्तींचा आरसा आठविला. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाने शिवलेला कपडा घालून पाहण्यासाठी पुरुषभर उंचीचा एक बेल्जियम काचेचा आरसा आजोबांच्या वेळेपासून भिंतीला आहे. तो काढून, गोणपाटात गुंडाळून, चौघांनी समोरच्या घराच्या गच्चीवर नेला. घरमालकांनी परवानगी दिली, वर चहाही दिला.

उजेडाचा विषय निघाला आहे तर या पेठेला त्याची जुनी ओळख आहे हेही सांगितले पाहिजे. कावेरीवर शिवनसमुद्र येथे १९०२ साली जलविद्युत निर्माण होऊ लागली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. तेथून ती १९०५ साली बेंगळुरूला आली, आणि रस्त्यावरील विजेचे पहिले दिवे लागले ते पेठेच्या दक्षिण टोकाला, आज जेथे कृष्णराजेंद्र मार्केट आहे त्या परिसरात. त्यापूर्वी या गल्ल्यांत रंग हा केवळ दिवसा असे. रात्री सारीच वस्त्रे चंद्रकळा.

दिव्यांनी मुलांना छळले मात्र पुष्कळ. पहिल्या चाचणीत कॅमेऱ्याचे रंगसंतुलन यंत्रावर सोपविलेले राहिले, आणि त्या आज्ञाधारक यंत्राने गल्लीचा सारा पिवळेपणा 'दुरुस्त' करून टाकला; रात्र पांढुरकी झाली आणि तिच्यातील विष उतरून गेले. त्यानंतर त्यांनी ते माप ५६०० केल्विनवर बांधून ठेवले, म्हणजे दिवसाचा उजेड तो पांढरा आणि दिवा आपल्या मूळ रंगाने पिवळा. दुसऱ्या चाचणीत चित्रावर आडवे पट्टे सरकू लागले. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे दिवा सेकंदात शंभर वेळा कमीअधिक होतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. चौकटीचा उघडा राहण्याचा काळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर आणला तेव्हा पट्टे गेले. मी हे सारे विस्ताराने लिहितो, कारण चित्रातील भय म्हणून आपण ज्याला ओळखतो ते शेवटी असल्या बारीक हिशेबांवर उभे असते, आणि यातील एक हिशेब चुकला असता तर काळा काठ काळा राहिला नसता.

कॅमेऱ्याची उंची गुडघ्याएवढी ठरली, आणि तीही एका अडचणीतून. चिकपेटेत नजर वर केली की पाट्याच पाट्या. कन्नड, इंग्रजी, मधूनच हिंदी. कोणाही व्यापाऱ्याचे नाव चित्रात येऊ द्यावयाचे नाही अशी संस्थेची सक्त ताकीद, आणि ती योग्यच आहे. तेव्हा कॅमेरा खाली आणावा लागला. खाली आल्यावर त्यांना जी पेठ सापडली ती मी साठ वर्षांत पाहिली नव्हती: शटराच्या तळाचा गंजलेला कोयंडा, पायरीच्या दगडावर गठ्ठे ओढून ओढून पडलेली गुळगुळीत खाच, गटाराच्या झाकणाखालून येणारी वाफ, विड्याच्या पानाचा देठ, रेशमी धाग्याचा गुंता. वस्तूंच्या खान्यात भाचीने एवढ्याच नोंदी केल्या. सुरी, घड्याळ, धुके यांतील काही उरले नाही.

न दाखविण्याच्या शास्त्रात ज्याने मोठा पराक्रम केला तो जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. त्याच्या 'एम्' (१९३१) या चित्रपटाच्या आरंभी मुलांचा खुनी आपणांस दिसत नाही. त्याच्याच शोधासाठी लावलेल्या जाहीरनाम्यावर त्याची सावली पडते. मूल मारले गेल्याचेही दिसत नाही. घरंगळत येऊन थांबलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा दिसतो. आमच्या काळात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून पुढे आलेले श्रीराम राघवन, ज्यांचा विद्यार्थिदशेतील पदविका चित्रपट 'द एट कॉलम अफेअर' (१९८७) वर्तमानपत्राच्या पानातच घडतो, त्यांनी पुण्यातच घडणाऱ्या 'अंधाधुन'चा (२०१८) आरंभ कोबीच्या शेतातील एका सशावर आणि त्याच्या मागे लागलेल्या शिकाऱ्यावर केला. शेत, ससा, बंदूक. पियानोचे किंवा खुनाचे तेथे नावही नाही. त्या सशाचे प्रयोजन प्रेक्षकाला फार पुढे जाऊन कळते, आणि तोवर तो मनाच्या एका कोपऱ्यात बसून राहतो. माझ्या मते थरारपटाच्या आरंभाचे खरे काम हेच आहे. तेथे घाबरविण्याची घाई करू नये. पुढे ज्याचा उपयोग व्हावयाचा अशी एक वस्तू प्रेक्षकाच्या स्वाधीन करावी, आणि आपण ती घेतली हे त्याला कळूही देऊ नये.

शटराखाली घालावयाच्या साडीचा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नव्हता. नवी कोरी साडी चित्रात नवी कोरीच दिसे. तिला कोणी नेसलेले नाही हे कॅमेऱ्याला ताबडतोब कळे. अखेर माझ्या आईची चिंतामणी रंगाची, टोपपदराची इरकली मी कपाटातून काढून दिली. ती जाऊन अकरा वर्षे झाली. तिने ती चिकपेटेतच घेतली होती, अर्थात दाराबाहेर धरून.

चित्रीकरण झाले ते सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जावर परवाना मिळाला होता. त्याची प्रत, ओळखपत्रे व घरमालकांची संमतिपत्रे एका फाइलीत घालून ती माझ्याकडे सोपविली होती, आणि मी ती छातीशी धरून चौकाच्या बाजूला उभा होतो. रात्रीचे शॉट साडेतीनपासून पाचापर्यंत संपले. आतून काठ ओढणारा हात भाचीचाच. शटराच्या आत अंधारात ती उकिडवी बसली होती आणि मला फक्त काळी चिंधी हलताना दिसत होती. ती माझ्या आईची साडी आहे, आत माझी भाची आहे, हे सारे ठाऊक असताना माझ्या अंगावर काटा आला. नंतर गोदामाचा दिवा विझविला, आणि कोणी काही बोलले नाही. सहा वाजून एकवीस मिनिटांनी गच्चीवरच्या मुलाने हात वर केला, आरसा किंचित कलला, समोरच्या भिंतीवर एक चौकोनी ऊन थरथरत उमटले, घसरत पायरीवर आले, खाचेवरून सरकत शटराच्या तळाशी पोहोचले, आणि काठ निळा झाला. अकरा सेकंदे ते तेथे स्थिर राहिले. तेवढ्यात चौकातून पहिली हातगाडी आत वळली.

घरी आल्यावर माझ्या पत्नीने साडी उलगडून पाहिली. शटराची कड जेथे बसली होती तेथे गंजाची एक रेघ काठावर उमटली होती. ती काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि लिंबू चिरून, मीठ घेऊन आली. भाचीने तिचा हात धरला.

"मामी, आत्ता नका धुऊ. हाताचा क्लोजअप राहिलाय, तो पुढच्या रविवारी. डाग असाच दिसला पाहिजे."

मग तिने वही काढली, पट्टी लावून पाहिली, आणि वस्तूंच्या खान्यात लिहिले: काठ, उजवीकडून चार बोटांवर, गंजाचा डाग, करंगळीएवढा. साडी डागाची बाजू वर ठेवून घडी केली, आणि लिंबाच्या फोडी पत्नीने वरणात पिळल्या.